मागच्या दाराचं लाल रीळ

आम्ही पटवेकरी. सोनार सोनं घडवतो आणि ते दोऱ्यात ओवून गळ्यात घालण्याजोगं आम्ही करतो. मंगळसूत्राचा दोरा झिजला, मणी सैल झाले, वाटी एका बाजूला कलली, की बायका नाशिकच्या सराफ बाजारात आमच्या दुकानाची पायरी चढतात, गादीवर टेकतात आणि गाठवून होईपर्यंत घरची सगळी गाऱ्हाणी सांगून मोकळ्या होतात. हे काम मला वडिलांनी शिकवलं, त्यांना आजोबांनी. नजर आता अधू झाली आहे, पण बोटं शाबूत आहेत, आणि जीभ तर दिवसेंदिवस धारदारच होत चालली आहे. या जिभेने गेल्या वर्षी एका आईला तिच्या मुलीच्या लग्नातून जवळजवळ उठवलं होतं.

आधी लाल रिळाचं सांगायला हवं. मंगळसूत्र आम्ही काळ्या दोऱ्यात ओवतो. मणी इतके गच्च बसवायचे की दोरा बाहेरून दिसता कामा नये. दिसला तर तो पटवेकरी कच्चा. वडिलांकडे मात्र आणखी एक रीळ होतं, लाल दोऱ्याचं. ते गादीजवळच्या खणात नसायचं. दुकानाला मागे एक दार होतं, त्याच्या खिळ्याला ते टांगलेलं असायचं, आणि त्याच्यातच एक वेगळी सुई खोचलेली. आमच्या दुकानापासून चार वळणांवर एक गल्ली होती, शरीर विकून पोट भरणाऱ्या बायकांची. घरात त्या गल्लीचं नाव कुणी घेत नसे. नुसतं 'तिकडच्या' म्हटलं की समजायचं. तिकडच्या बायका मागच्या दाराने यायच्या आणि त्यांच्या पोती लाल दोऱ्यात ओवल्या जायच्या. एकाच रिळातला निम्मा दोरा त्यांच्यापैकी एकीच्या गळ्यात आणि निम्मा एखाद्या घरंदाज बाईच्या गळ्यात जाऊ नये, एवढ्यासाठी. वडील हे कुणाला बोलून दाखवत नसत. त्या बायकांनाही आपल्या मण्यांखाली लाल दोरा आहे याचा पत्ता नसायचा. आम्हाला मात्र पोत पुन्हा उसवायला आली की लगेच कळायचं.

आजोबा निराळंच सांगायचे. त्यांच्याही आजोबांच्या काळी म्हणे मोठ्या घरच्या लग्नात नव्या मंगळसूत्राचा पहिला मणी नायकिणीच्या हातून ओवून घेत. तिला नवरा नाही, म्हणजे वैधव्यही नाही, म्हणून ती जन्माची सवाष्ण. पंचवटीत अशी एक बाई होती, तिच्याकडे तबकात पोत घालून जायची, आणि ती पुढच्या ओसरीवर बसून मणी ओवून, हळदकुंकू वाहून परत पाठवायची. खरं-खोटं आजोबांना ठाऊक. पण ते सांगताना त्यांचा आवाज खाली यायचा नाही, एवढं मला आठवतं. मग काळ पालटला. शिकल्यासवरल्या लोकांना नाचगाण्याची लाज वाटू लागली, चांगल्या बायका आणि वाईट बायका अशी वाटणी झाली, आणि ज्या घरांतून तबक जायचं तीच घरं मान वळवून जाऊ लागली. तबक जायचं बंद झालं. पुरुष जायचे काही बंद झाले नाहीत. भिंत फोडून दुकानाला ते मागचं दार केलं ते आजोबांनीच. "नाहीतर चांगल्या घरची लोकं पुढून येईनाशी झाली असती," एवढंच ते म्हणायचे आणि पानाला चुना लावायला घ्यायचे.

मी बारा वर्षांची असताना मागच्या दाराचं काम माझ्याकडे आलं. म्हणजे दारावर थाप पडली की जाऊन पोत घ्यायची, वडिलांना द्यायची, झाली की परत नेऊन द्यायची. आणि कुणी चुकून पुढच्या पायरीशी आलीच, तर म्हणायचं, "मागच्या दारानं या." हे वाक्य मी इतक्या वेळा म्हटलं असेल की शाळेतल्या कविता विसरले पण ते विसरले नाही.

आमच्यात एक रीत आहे. मंगळसूत्र गाठवायला काढून घेतलं की बाईचा गळा तेवढा वेळही ओका ठेवायचा नाही. पिवळ्या दोऱ्यात हळकुंड ओवून तिच्या गळ्यात बांधायचं. काम झालं की ते सोडून घ्यायचं. पुढे गादीवर बसणाऱ्या प्रत्येकीला वडील हे बांधायला लावत. एका दुपारी मागच्या दाराशी एक विशी-बाविशीची बाई आली. पोत काढून दिली आणि पायरीवर गळ्यावर हात ठेवून बसली, थंडी वाजत असल्यासारखी. मला काही फार कळत होतं असं नाही. पोत काढली, गळा ओका आहे, म्हणजे हळकुंड बांधायचं, एवढंच. मी डब्यातून हळकुंड आणलं आणि बांधलं. ती एकदम ताठ बसली. मला म्हणाली, "पोरी, गाठ नीट दे, सुटंल."

तेवढ्यात वडील मागे आले. ओरडले नाहीत. ओरडणारे नव्हतेच ते. म्हणाले, "काढ ते."

मी काढलं. गाठ नीट दिली होती, त्यामुळे सुटेना, नखं लावावी लागली. ती मान खाली घालून बसली होती, माझ्या हाताला सोपं जावं म्हणून. ते हळकुंड वडिलांनी डब्यात परत टाकू दिलं नाही, गोदावरीत सोडायला लावलं. पुढे कित्येक वर्षं मला त्या मानेची आठवण यायची आणि आली की मला संताप यायचा. वडिलांचा, आणि माझा जास्त.

नंतरच्या वर्षांत पुष्कळ बदललं. गल्लीत सरकारी दवाखान्याची माणसं, संस्थांच्या बाया निरोधची खोकी घेऊन जाऊ लागल्या. लोक कुजबुजीत का होईना, रोगाबद्दल बोलू लागले. पेपरात 'वेश्या' शब्द मागे पडून दुसरे, जरा माणसांना शोभतील असे शब्द आले. कोर्टानेही म्हणे सांगितलं की याही बायकांना मानाने जगू द्या, रेशनकार्ड द्या. माझ्याकडच्या घरंदाज गिऱ्हाइकांनी यावर नाकं मुरडली, पण पूर्वीसारखी कानावर हात ठेवून नाही, मोठ्याने वाद घालून. तेही काही कमी नव्हे. वडील गेले. एका पुराच्या पाण्यात मागचं दार कुजलं, तेव्हा मी ती जागा विटांनी बुजवून पुढे लोखंडी कपाट ठेवलं. लाल रीळ कुठे गेलं, मी शोधलं नाही.

मग माझे यजमान गेले. आणि विधवेच्या हातून सौभाग्याचा दोरा ओवून घ्यायचा का, हा प्रश्न आमच्या गादीवर आला. काहीजणी तोंडावर विचारायच्या, "दुसरं कुणी नाही का हो?" मी म्हणायची, "आहे ना, सुई तुम्हीच धरा." त्यातून एक नवी पद्धत पडली. नव्या मंगळसूत्राचा पहिला मणी आलेल्यांपैकी सवाष्णीने ओवायचा, बाकीचे मी. बहुतेकदा मुलाची आई ओवते. सगळ्यांचं समाधान होतं आणि माझी चूल पेटते. म्हणजे बाजूला बसवलं जाणं कसं असतं, हे मला पुस्तकातून शिकायचं नव्हतं. तरीही जे व्हायचं ते झालंच. सुंभ जळतो, पीळ जात नाही.

गेल्या वर्षी माघात दोन विहिणी माझ्याकडे आल्या. मुलाची आई इगतपुरीकडच्या खेड्यातली, भातशेती असलेली, मोठ्या आवाजाची, धडधाकट बाई. मुलगा अंबडच्या कारखान्यात. मुलीची आई बारीक, पन्नाशीची, इस्त्रीची सुती साडी नेसलेली. अंबडला कामगारांची खानावळ चालवते असं मुलाच्या आईनेच कौतुकाने सांगितलं. "पोरगी दवाखान्यात नर्स हाय. इहिनबाईंनी एकटीनं शिकवली." लग्न बारा दिवसांवर आलं होतं. मुलीच्या आईने गळ्यातली पोत काढून माझ्यापुढे ठेवली. वाट्या आणि सोन्याचे मणी मुलीच्या नव्या मंगळसूत्रात घालायचे आणि तिला स्वतःला नुसते काळे मणी ओवून द्यायचे, असं ठरलं होतं.

मी कात्री घेतली आणि गाठीपाशी दोरा कापला. मणी तबकात घरंगळले. खाली लाल दोरा.

वडिलांचीच गाठ होती. वीस-बावीस वर्षांत तसूभर हलली नव्हती. आणि माझ्या तोंडून, माझी शपथ, मला कळायच्या आत निघालं, "मागच्या दारानं या."

जिभेला हाड नसतं म्हणतात. माझ्या जिभेला त्या दिवशी अक्कलही नव्हती. मुलीची आई दगडासारखी झाली. तिने माझ्याकडे पाहिलं नाही, तबकातल्या लाल दोऱ्याकडे पाहिलं. इतकी वर्षं आपल्या गळ्यात काय होतं, ते तिला तेव्हा समजलं असावं. मुलाची आई मात्र मागे वळून भिंतीकडे बघत होती.

"मागं दार कुठं हाय? कपाट हाय की."

"पूर्वी होतं," मी म्हणाले. "सवयीनं बोलले. लक्ष देऊ नका."

मुलीची आई उठली, "मला खानावळीत जायचंय" म्हणाली आणि पायरी उतरून चालू लागली. मुलाची आई "अवं, थांबा की" करत तिच्यामागे गेली. त्या दिसेनाशा झाल्यावर माझ्या ध्यानात आलं की ती ओक्या गळ्याने गेली होती. हळकुंडाचा डबा माझ्या गुडघ्याशी तसाच होता.

पुढचे चार दिवस माझी पाचावर धारण बसली होती. बाईने गल्लीतून बाहेर पडून, पोळ्या लाटून मुलगी उभी केली, आणि मी तिच्या विहिणीसमोर एका वाक्यात तिला परत त्या पायरीवर नेऊन बसवलं. मुलाकडच्यांना ठाऊक नसणार, हे मी धरूनच चालले होते. कोण सांगतं असलं? फोन करावा तर काय बोलायचं? माफी मागायला गेलं तर उरलंसुरलं झाकलेलंही उघडं पडायचं. तबकातले मणी मी झाकून ठेवले. दुसरी कामं करताना दोनदा सुई बोटात शिरली. लग्न मोडलं अशी बातमी घेऊन कोण येतं, याची मी वाट बघत होते.

पाचव्या दिवशी सकाळी मुलाची आई एकटीच पायरी चढून आली. गादीवर बसली नाही.

"त्या दिशी मागचं दार म्हणलात, ते काय?"

"अहो, सांगितलं ना, पुराच्या आधी इथे..."

"ताई, खोटं नका बोलू. आम्हाला समदं ठाऊक हाय."

ती मग बसली आणि पदराने घाम पुसला.

"पोरीनं पयल्याच दिशी माझ्या पोराला सांगितलं व्हतं. त्यानं मला. लपवाछपवी काय नाय. पर खोटं कशाला बोलू, मला आठ दिस जेवण गोड लागलं नाय. म्हणलं, गावात तोंड कसं दावू? मंग गेले तिच्या खानावळीत, न सांगता. गिऱ्हाईक म्हणून बसले आन् जेवले. तिनं वाढलं, चार वेळा इचारलं, आणखी भाजी देऊ का. घरी येऊन पोराला म्हणलं, धर मुहूर्त." तिने मांडीवरची पिशवी खाली ठेवली. "आन् आता तुमच्या त्या एका बोलानं इहिनबाई अडून बसल्यात. म्हणतात, लोकं ओळखतात मला, अजून ओळखतात, मी मांडवात येणार नाय. पोरीची मावशी आजारी हाय, मी तिच्यापाशी गेले म्हणून सांगा आन् तुमच्याकडल्या मामा-मामीकडून कन्यादान करा. पोरगी रडून रडून अर्धी झाली. माझं ऐकत नायत. तुमच्या तोंडानं गेलंय, तुमीच आणा."

मला सांगता येत नाही इतकं हायसं वाटलं. जीव भांड्यात पडला. लग्न मोडलं नव्हतं! मी हसले, आणि ती "हसता काय?" म्हणून माझ्यावर खेकसली. बरोबरच होतं तिचं. माझं ओझं उतरलं होतं, तिच्या विहिणीचं नव्हतं.

"कुठे आहेत त्या?" मी विचारलं.

"खाली रिक्षात. आणली तर खरी, उतरंना."

मी चपला न घालताच पायरी उतरले. रिक्षा कोपऱ्यावर उभी होती. ती आत पदर गळ्याभोवती घट्ट लपेटून बसली होती. काय बोलायचं ते मी ठरवलं नव्हतं, आणि माझ्या जिभेवर माझा विश्वास उरला नव्हता. "ताई," मी म्हणाले, "तो लाल दोरा आमच्या घरचा. लाज आमची आहे, तुमची नाही. मला ते वाक्य लहानपणी शिकवलं होतं, आणि मी म्हातारी होत आले तरी शहाणी झाले नाही. आज एकदा पुढून या. नाही आलात तर मी इथंच उभी राहीन, आणि रिक्षावाल्याचा खोळंबा होईल."

रिक्षावाला म्हणाला, "उतरा ना मावशी, मागं गाड्या लागल्यात." त्याचं ऐकून ती उतरली. माझं ऐकून उतरली असं मी म्हणणार नाही.

तिला गादीवर मधोमध बसवलं. मी मुलीच्या मंगळसूत्रासाठी दोरा मापला, समोरच्या खुंटीला ताण दिला, सुई ओवली आणि रिवाजाप्रमाणे मुलाच्या आईपुढे धरली, पहिल्या मण्यासाठी. तिने सुई घेतली आणि विहिणीच्या हातात दिली.

ती हात मागे घेऊ लागली. "माझ्या हातून नको. शुभाचं काम."

आता मला आजोबांची गोष्ट आठवली आणि राहवलं नाही. मी सांगितलं, तबक कसं जायचं, पंचवटीतली ती बाई कशी ओसरीवर बसून पहिला मणी ओवायची, तिला कसं जन्माची सवाष्ण मानायचे. मला वाटलं, दोघींना बरं वाटेल. मुलाच्या आईने सगळं ऐकून घेतलं आणि हात झटकला.

"ते तुमचं जुनं मोठेपण ऱ्हाऊ द्या. तिचा उपेग करायचा आन् वर पाया पडायचं. आमाला त्यातलं काय नको. आई हाय ती पोरीची, म्हणून ओवायचा." मग विहिणीला म्हणाली, "ओवा. डोळे पुसा आन् ओवा. लय येळ झाला."

तिने ओवला. दोनदा मणी सुईवरून निसटून तबकात पडला, तिसऱ्यांदा बसला. तिने तो मणी बोटाने दोऱ्यावर पुढे सरकवला. मग म्हणाली, "मांडवात येते मी."

मुलाच्या आईने एवढा मोठा सुस्कारा टाकला की शेजारच्या दुकानातला सोनार डोकावून गेला. "ह्या एका शब्दापायी चार दिस खाल्ले माझे," असं म्हणत ती रिक्षावाल्याला मोकळं करायला उठली आणि जाता जाता मुलीला फोन लावून ओरडली, "येतीया गं तुझी आई, येतीया!"

आम्ही दोघीच राहिलो. तिच्या स्वतःच्या काळ्या मण्यांची पोत व्हायला अजून तासभर होता. गळा ओकाच होता. मी गुडघ्याजवळचा डबा उघडला, पिवळ्या दोऱ्यातलं हळकुंड काढलं आणि तिच्या मागे जाऊन बसले.

"तुम्ही ती पोरगी ना?" ती पुढे बघतच म्हणाली. "हळकुंड बांधणारी?"

माझे हात थांबले. "ती तुम्ही होतात?"

"नाही. ती माझ्या खोलीतली, माझ्याहून थोरली. मला तिनंच सांभाळलं. गेली ती, पोरगी सहावीत असताना. नेहमी सांगायची, पटवेकऱ्याच्या पोरीनं मला हळकुंड बांधलं होतं, दुसऱ्या बायांसारखं."

दुसरी कुणी असती तर इथं गप्प बसली असती. मलाही बसता आलं असतं. "काढूनही मीच घेतलं होतं," मी म्हणाले. "ते नसेल सांगितलं तिनं."

"दोन्ही सांगायची," ती म्हणाली. "पण बांधलेलं आधी सांगायची."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि दोरा दिसेनासा झाला. तिने केस वर धरले, मान थोडी पुढे वाकवली, माझ्या हाताला सोपं जावं म्हणून. मी चाचपडत गाठ दिली.